दांडा हातात, क्लच नाही: फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी रस्त्यावर कशी आली

अमेरिकेत जुन्या मसल कारच्या विक्रीच्या जाहिरातीत एक ओळ वारंवार दिसते: 'टर्बो ४००, फुल मॅन्युअल, रिव्हर्स पॅटर्न.' टर्बो ४०० हा जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिकच असतो. क्लचचे पेडल नसते, इंजिनामागे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून जोर पुढे देणारा जोड, असतो. फक्त गिअर आपणहून पडत नाहीत. दांडा जिथे ठेवाल तोच गिअर. सिग्नलला तिसऱ्यातच थांबलात, तर गाडी रडतखडत तिसऱ्यातच उठणार.

हा प्रकार ड्रॅग रेसिंगवाल्यांनी, म्हणजे सरळ छोट्या पट्ट्यावर शर्यत लावणाऱ्यांनी, काढला, असे सगळीकडे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. ऑटोमॅटिकचे गिअर हाताने टाकणारे पहिले लोक साधे घरगुती गाडीवाले होते. १९४८ सालच्या ब्यूकमधला डायनाफ्लो आणि १९५० सालच्या शेव्हरोलेमधला पॉवरग्लाइड हे दोन्ही 'ड्राइव्ह'मध्ये ठेवले, की गाडी वरच्या गिअरमध्येच उठे आणि जोर लावायचे काम टॉर्क कन्व्हर्टरवर पडे. चाल गुळगुळीत, पण पिकअप मंद. लोकांनी त्यावर लगेच तोड काढली: 'लो'मध्ये गाडी पळवायची आणि वेग आला की हाताने 'ड्राइव्ह'मध्ये ढकलायची. या वापरासाठी तो गिअरबॉक्स बनवलेलाच नव्हता, त्यामुळे आतल्या भागांची झीज होऊ लागली. शेवटी १९५३ मध्ये शेव्हरोलेने पॉवरग्लाइडला लोमध्ये उठून आपणहून वरच्या गिअरमध्ये जायला शिकवले. म्हणजे गिराईक हाताने गिअर बदलते म्हणून कंपनीने ते काम यंत्राकडे दिले. पुढे रेसवाल्यांनी ते यंत्राकडून परत काढून घेतले.

त्यांनी नेमके काय काढले हे कळायला व्हॉल्व्ह बॉडी समजून घ्यावी लागते. हा ओतीव धातूचा चपटा ठोकळा. त्यात चक्रव्यूहासारखे तेलाचे मार्ग आणि त्यांत मागेपुढे सरकणारे छोटे व्हॉल्व्ह. मागच्या शाफ्टवरचा गव्हर्नर गाडीच्या वेगाप्रमाणे तेलाचा दाब वाढवत नेतो. दुसऱ्या बाजूने अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे त्याचा दाब येतो, कुठे तारेने किंवा सळईने, कुठे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या मॉड्युलेटरमधून. या दोन दाबांच्या रेटारेटीत शिफ्ट व्हॉल्व्ह जिकडे सरकेल, तो गिअर. संगणक नाही, फार तर एखादी विजेची तार. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिलसाठी, चार गिअरचा हायड्रा-मॅटिक बाजारात आणला तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ऑटोमॅटिकची अक्कल ती एवढीच होती. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर यंत्रकल्पनांपैकी ही एक. फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडीत नेमकी तीच बाद होते. गव्हर्नरचा सल्ला बंद, तेलाचा दाब कायम चढा, आणि कोणत्या क्लचला तेल द्यायचे हे फक्त दांडा ठरवणार.

हायड्रा-मॅटिक रेसवाल्यांच्या डोळ्यांत भरला तो त्याच्या गिअरमुळे: ३.८२, २.६३, १.४५ आणि १.००. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांना हाताचे तीनच गिअर असत. शिवाय क्लच दाबण्यात जाणारा क्षण वाचतो, गिअर बदलताना इंजिनाचा जोर चाकांकडे जातच राहतो. अडचण एकच: गव्हर्नर शर्यतीच्या नव्हे, संसाराच्या हिशेबाने गिअर टाकतो. बॉब स्पार आणि मॉर्ट शूमन यांनी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात बी अँड एम ही कंपनी सुरू केली, आणि तिच्या 'हायड्रो-स्टिक'ने गिअर टाकायची वेळ ड्रायव्हरच्या हाती दिली. विलिजच्या जुन्या कूप गाड्यांत सुपरचार्जर लावलेली अजस्र इंजिने बसवून पळणाऱ्या 'गॅसर' गाड्यांत हे गिअरबॉक्स दिसू लागले.

साठच्या दशकात क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटने उरलीसुरली शंका मिटवली. ड्रॅग स्ट्रिपवर ऑटोमॅटिकसाठी वेगळे वर्ग होते, कारण ऑटोमॅटिक म्हणजे मंद, हे गृहीतच होते. १९६२ पासून ४१३ घन इंचांचे मॅक्स वेज इंजिन आणि तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट अशा डॉज-प्लिमथ गाड्या चार-गिअरवाल्यांच्या बरोबरीने पळू लागल्या. रामचार्जर्स हा क्रायस्लरच्याच इंजिनिअरांचा क्लब त्यात आघाडीवर होता. १९६४ पर्यंत टॉर्कफ्लाइटला दांडा नव्हता, डॅशबोर्डवर बटणे होती. बटण दाबले की तोच गिअर. दांडा पुढे निसटून न्यूट्रलमध्ये जायची भीती नाही. १९६५ मध्ये बटणे गेली, दांडा आला आणि ती भीतीही आली.

नेहमीच्या दांड्याचा क्रम पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, मग ३-२-१ असा असतो. पहिल्यातून निघून वर चढताना दांडा पुढे ढकलायचा, आणि तिसऱ्याच्या लगेच पुढे न्यूट्रल. शर्यतीच्या जोशात हात एक खाच पुढे गेला, की पूर्ण रेस दिलेले इंजिन एकदम मोकळे सुटते आणि निमिषार्धात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणून 'रिव्हर्स पॅटर्न': न्यूट्रलनंतर १-२-३, म्हणजे दांडा आपल्याकडे ओढत वर चढायचे आणि शेवटच्या गिअरला दांडा टेकला की पुढे काहीच नाही. दुसरा उपाय रॅचेट शिफ्टरचा, जो एका झटक्यात एकच खाच पुढे जाऊ देतो. हर्स्ट कंपनीचा ड्युअल गेट शिफ्टर तर १९६७ च्या पॉन्टिअॅक जीटीओमध्ये कंपनीकडूनच मिळत होता. एका खोबणीत साधा ऑटोमॅटिक, दुसऱ्या खोबणीत एकेक गिअर हाताने. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेला १०२ क्रमांकाचा सुरक्षा निकष पुढे जाणारे गिअर आणि रिव्हर्स यांच्या मध्ये न्यूट्रल हवा असे सांगतो. रिव्हर्स पॅटर्नमध्येही तो तिथेच राहतो.

याच सुमारास जनरल मोटर्सने स्वतःच हाताने टाकायचा ऑटोमॅटिक विकला, तोही काटकसरी लोकांना. १९६८ ते १९७१ च्या काही छोट्या इंजिनांच्या नोव्हा आणि कॅमॅरोंमध्ये 'टॉर्क-ड्राइव्ह' मिळत असे. म्हणजे पॉवरग्लाइडच, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा काढलेला आणि त्यामुळे स्वस्त. तो फारसा खपला नाही. होंडाने १९७३ च्या सिव्हिकमध्ये दिलेला होंडामॅटिकही तसाच: टॉर्क कन्व्हर्टर, दोन गिअर, बदल हाताने. पण ती हलकी गाडी, लहान इंजिन आणि बेताचा दाब. वरच्या गिअरमध्ये विसरून उठलात तरी थोडी कुरकुर, बाकी काही नाही. रस्त्यावर हाताने टाकायचा ऑटोमॅटिक सुखाने नांदलाच असेल, तर तो या गरीब गाड्यांत.

मसल कारचे तसे नव्हते. सत्तरच्या दशकापासून कुणीही पोस्टाने व्हॉल्व्ह बॉडी मागवून टर्बो ३५०, टर्बो ४००, टॉर्कफ्लाइट ७२७ किंवा फोर्ड सी४-सी६ मध्ये बसवू शकत होता. गिअरबॉक्स गाडीतून उतरवावाही लागत नाही. खालचे पॅन काढले की व्हॉल्व्ह बॉडी समोर. स्ट्रिपवरची चीज रस्त्यावर आली ती या सोयीमुळे, गरजेमुळे नव्हे.

कारण पाव मैलाच्या शर्यतीत गाडीला एकच गोष्ट करायची असते: वर चढणे. खाली उतरण्याचा विचार त्या व्हॉल्व्ह बॉडीने कधी केलाच नाही, आणि रस्त्यावर अर्धा वेळ तेच करावे लागते. ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवा, किकडाउन, म्हणजे आपोआप खालचा गिअर पडणे, नाही. वर गेलेल्या गिअरमध्ये विसरून पुन्हा उठा, कन्व्हर्टर घसरून तेल तापवतो, आणि तापलेले तेल हीच ऑटोमॅटिकची पहिली मारेकरी. सौम्य चालवतानाही दाब चढाच असल्याने प्रत्येक गिअरला पाठीत गुद्दा; ओल्या रस्त्यावर तेवढ्याने मागची चाके सुटतात. आणि मूळ गिअरबॉक्समध्ये भरवेगात दांडा पहिल्यात गेला, तर गव्हर्नरचा दाब वेग उतरेपर्यंत दुसराच गिअर धरून ठेवतो. फुल मॅन्युअलमध्ये तो पहारेकरी नसतो. मागाल ते मिळते, ताशी शंभर किलोमीटरलाही.

इंजिन ब्रेकिंगची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. पहिल्या गिअरचा भार बहुतेक तीन-गिअर ऑटोमॅटिकमध्ये एकाच दिशेने अडणाऱ्या क्लचवर असतो. पाय सोडला की तो मोकळा फिरतो. दुसरा गिअर झटकन पडावा म्हणून अनेक व्हॉल्व्ह बॉड्यांत पहिल्यात बँड, म्हणजे ड्रमला आवळून धरणारा पट्टा, लावतच नसत. मग उतारावर पहिला टाकूनही गाडी मोकाट. घाट गिअरमध्ये उतरण्याच्या आपल्याकडच्या सवयीच्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटेल. ७२७ मध्ये तर याचे टोक गाठले जाते. पहिल्यात जोरात असताना अ‍ॅक्सल किंवा ड्राइव्हशाफ्ट तुटला आणि त्या धक्क्याने हा क्लच फुटला, तर पुढचा ड्रम इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरू लागतो आणि बॉम्बसारखा फुटतो. 'लो बँड अप्लाय' व्हॉल्व्ह बॉड्या यासाठी आल्या: पहिल्यात मागचा बँड धरून ठेवायचा, म्हणजे ड्रम पळूच शकत नाही. मार्च १९७० मध्ये लाँग बीचजवळच्या लायन्स स्ट्रिपवर रेसर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा दोन-गिअरचा गिअरबॉक्स फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्याची यंत्रणा वेगळी होती, पण पायांजवळ फिरणाऱ्या लोखंडाला हलक्यात घेऊ नये हे सगळ्यांना कळले.

म्हणून रस्त्यासाठी मधला मार्ग रुजला तो शिफ्ट किटचा. गव्हर्नर जागेवर, आपोआप बदलणे चालू, फक्त स्प्रिंगा, छिद्रे आणि दाब बदलून गिअर घट्ट पडतील असे करायचे. रोज चालवायच्या गाडीसाठी मला आजही हाच शहाणपणाचा पर्याय वाटतो.

नव्वदच्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक्सने जुना वाद बाजूला सारला. पोर्शच्या टिपट्रॉनिकपासून आजच्या पॅडलपर्यंत हाताने गिअर मागता येतो, पण शेवटचा शब्द संगणकाचा. २०१४ च्या मारुती सेलेरियोपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटीतला 'एम'ही तसाच: वेग जास्त असेल तर खालचा गिअर नाकारतो आणि गाडी थांबली की स्वतः पहिल्यावर येतो. आतून तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, म्हणजे फुल मॅन्युअलच्या बरोबर उलटा.

तरी ती जात संपलेली नाही. २००५ पासून भरणाऱ्या ड्रॅग वीकमध्ये आठवडाभरात सुमारे हजार मैल सार्वजनिक रस्त्यांवरून स्वतःच्या चाकांवर जाऊन वेगवेगळ्या स्ट्रिपवर पळावे लागते. तिथे फुल मॅन्युअल टर्बो ४०० मागे ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवणारा जादा वरचा गिअर) जोडून हायवे कापतो. एकदा वर गेला की शंभर मैल दांड्याला हात नाही, त्यामुळे गव्हर्नरची उणीव कळतही नाही. ती कळते गावात शिरल्यावर. म्हणून रस्त्यासाठी व्हॉल्व्ह बॉडी मागवणाऱ्याने पॅटर्नच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: इंजिन ब्रेकिंग कोणकोणत्या गिअरमध्ये मिळते, आणि पहिल्यात बँड लागतो का.