पात्राचा वंशबदल (चित्रपटांतील)

गाजलेल्या कथेवर किंवा चित्रपटावर नवा चित्रपट काढताना त्यातल्या परिचित पात्राचा वंश, वर्ण किंवा जात बदलण्याची प्रथा. मूळची गोरी नायिका नव्या चित्रपटात काळी होते, आशियाई नायकाच्या जागी गोरा नट येतो. भारतात हा बदल बहुतेक वेळा जातीच्या अंगाने होतो आणि तो कातडीपेक्षा आडनावात दिसतो. त्यामुळे नागपूरसारख्या शहरात हा विषय केवळ हॉलिवूडचा राहत नाही.

हॉलिवूडमध्ये ही प्रथा आज जिच्यावरून वाद होतात त्या रूपात सुरू झाली नाही. बराच काळ तिचा फायदा गोऱ्या नटांनाच झाला. ‘द गुड अर्थ’ (१९३७) ही चिनी शेतकरी कुटुंबाची गोष्ट. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन नटी तेव्हा नाव कमावून होती. पण नायक म्हणून पॉल म्युनी हा गोरा नट ठरला आणि भिन्न वंशांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्याला त्या काळच्या निर्मिती-संहितेची, म्हणजे हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीची, आडकाठी होती. चिनी शेतकरणीची भूमिका ल्युइझ रायनर हिने केली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळाले. शेक्सपिअरच्या नाटकातला ऑथेल्लो हा काळ्या वर्णाचा सेनापती; १९६५ सालच्या ‘ऑथेल्लो’त लॉरेन्स ऑलिव्हिए हा गोरा नट तोंडाला काळा रंग फासून उभा राहिला. हे जुन्या जमान्यातच संपले असेही नाही. ‘घोस्ट इन द शेल’ (२०१७) या जपानी चित्रकथेवरच्या चित्रपटात नायिका स्कार्लेट जोहान्सन होती.

उलट दिशेची उदाहरणेही वाटतात त्यापेक्षा जुनी आहेत. ‘कार्मेन जोन्स’मध्ये (१९५४) बिझेच्या ‘कार्मेन’ या ऑपेराची गोष्ट सर्वस्वी कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन सांगितली गेली. तिची नायिका डोरोथी डँड्रिज ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. ‘द विझ’ (१९७८), जेडन स्मिथचा ‘द कराटे किड’ (२०१०) आणि ‘ॲनी’ (२०१४) हे याच वाटेवरचे. १९९७ सालच्या दूरचित्रवाणीवरच्या ‘सिंड्रेला’त तर राणी कृष्णवर्णीय, राजा गोरा आणि त्यांचा राजपुत्र फिलिपिनो वंशाचा नट. गोष्टीत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही आणि पाहणाऱ्याचेही काही अडत नाही.

सर्वांत मोठे वादळ उठले ते ‘द लिटल मर्मेड’वरून. १९८९ सालच्या ॲनिमेशनपटातली जलपरी गोरी, लाल केसांची. २०१९ मध्ये तिच्या जागी हॅली बेली या कृष्णवर्णीय गायिका-नटीचे नाव जाहीर झाले तेव्हापासून २०२३ मध्ये चित्रपट लागेपर्यंत टीकेचा भडिमार सुरू होता. आमच्या लहानपणीची जलपरी बिघडवली, ही त्यातली मुख्य तक्रार. ती पटण्यासारखी नाही. हॅन्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीत जलपरीला राजपुत्रासाठी आपला आवाज द्यावा लागतो. गोष्ट त्या आवाजावर चालते, कातडीवर चालत नाही. आक्षेपांतला एक मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. काळ्या मुलींसाठी नव्या गोष्टी लिहिण्याऐवजी जुन्याच गोष्टीला नवा रंग देऊन ती पुन्हा विकण्यात स्टुडिओंचा धंदा जास्त सांभाळला जातो, असे म्हणणारे काही वंशद्वेष्टे नव्हेत.

तेव्हा बदल योग्य की अयोग्य, हे ठरवायचे ते त्या पात्राची ओळख गोष्टीत काय काम करते हे पाहून. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’मधला (१९९४) रेड हा स्टीफन किंगच्या मूळ कथेत आयरिश आहे. ती भूमिका मॉर्गन फ्रीमनने केली, ‘मी आयरिश आहे म्हणून असेल’ अशा अर्थाचे वाक्यही तसेच ठेवले आणि आज दुसऱ्या कुणाचा रेड डोळ्यांसमोर येत नाही. ‘वदरिंग हाइट्स’ या इंग्रजी कादंबरीचा नायक हीथक्लिफ याच्या दुसऱ्या टोकाला. कादंबरीत तो सावळा, कुठून आला हे कुणालाच माहीत नसलेला पोरका मुलगा आहे आणि त्याचा सगळा अपमान त्या परकेपणातून येतो. पडद्यावर मात्र तो वर्षानुवर्षे गोराच राहिला. २०११ मध्ये जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला ती भूमिका मिळाली तेव्हा उलट मूळ कथा जवळ आली.

मराठी प्रेक्षकाला रूपांतराची सवय जुनी. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तो १८९० साली. त्याच नाटकावरून विशाल भारद्वाज यांनी ‘ओमकारा’ (२००६) केला, तेव्हा वंशाच्या जागी जात आली. नायक ‘आधा बामन’, आई खालच्या मानलेल्या जातीची. वर्णाचा डंख गेला तिथे जातीचा आला, म्हणून संशयाची ती गोष्ट उत्तर प्रदेशातही तितकीच जळते. हा बदल विचारपूर्वक केलेला आहे.

‘सैराट’चा (२०१६) हिंदी ‘धडक’ (२०१८) झाला तेव्हा याच्या उलट घडले. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटात आर्ची पाटलाची आणि परश्या पारधी समाजातला. पाटलाचा पोरगा वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो आणि बाप ते कौतुकाने निभावून नेतो, यावरून गावात कुणाची सत्ता आहे ते एका मिनिटात कळते. ‘धडक’ने गोष्ट उदयपूरला नेली, अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ ठेवले आणि जात ओझरत्या उल्लेखावर आणून सोडली. शेवटही बदलला. ‘सैराट’मध्ये दोघांचाही खून होतो आणि रक्तात पाय भरलेले पोर घराबाहेर येते, ‘धडक’मध्ये नवरा आणि मूल मरतात, मुलगी मागे उरते. मुलगी जातीबाहेर गेली म्हणून तिलाही मारण्यापर्यंत मजल जाते, हे मूळ चित्रपटाचे म्हणणेच त्यात ढिले पडले. तरीही काळ्या जलपरीवरून जेवढा गदारोळ झाला, तेवढा इथे झाला नाही. रंग बदलला की लगेच दिसतो. जात पुसली तर ती नव्हतीच असे वाटते, आणि ज्यांची पुसली त्यांनाच ते जाणवते.

नागपूरला हे जाणवते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. इथे ‘आडनाव काय?’ या प्रश्नामागे काय विचारले जाते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) याच शहरातला. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्यावर तो बेतलेला आहे. अमिताभ बच्चन प्रशिक्षकाच्या भूमिकेत असले, तरी खेळणारी पोट्टी खरी नागपूरच्या वस्त्यांतली, बहुतेकांनी आधी कॅमेरा पाहिलेला नाही. डॉन नावाच्या मुलाची भूमिका करणारा अंकुश गेडाम त्यांच्यातलाच. त्यांची हिंदी इथल्या रस्त्यावरची आहे, तिला कुणी साबण लावलेला नाही. आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभे राहतात. हिंदी चित्रपटातल्या एवढ्या मोठ्या नटाला असे उभे राहिलेले पाहणे या प्रेक्षकाला नवे होते, आणि त्या चौकटीचे छायाचित्र लोकांनी एकमेकांना भरभरून पाठवले.

‘झुंड’चा कुणी दुसरीकडे रिमेक केला, तर महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत, जयंतीची मिरवणूक आणि पारपत्रासाठी ओळखपत्र शोधत हिंडणारे आदिवासी बापलेक यांना हात लावता येणार नाही. प्रशिक्षक कुठल्याही वंशाचा चालेल.

भूमिका कुणाला मिळते, हा या वादाचा राहिलेला अर्धा भाग. ‘धडक २’ (२०२५) हा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटाचा रिमेक. पहिल्या ‘धडक’ने झाकलेली जात त्याने उघडपणे मांडली, नायक दलितच ठेवला, आणि सेन्सॉरच्या कात्रीतून जाऊन चित्रपट लागला. पण नायक सिद्धांत चतुर्वेदीची कातडी रंगभूषेने काळवंडलेली दिसते, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. दलित माणूस काळाच असतो ही समजूत त्या रंगभूषेने पक्की केली.