पुष्य नक्षत्र आणि कर्केचा खेकडा

गुरुपुष्यामृत आलं की लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफी दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. गुंजभर का होईना, सोनं घ्यायचंच! पण ज्या पुष्याच्या नावाने ही खरेदी होते, ते पुण्याच्या उजेडातून जवळजवळ दिसतच नाही. पुष्य कर्क राशीत येतं आणि बारा राशींत सर्वांत अंधूक कर्कच.

गुरुवारी चंद्र पुष्यात असला की हा योग होतो. म्हणजे इथला गुरू हा वार, ग्रह नव्हे. ग्रहाचं नातं मात्र फार जुनं आहे. बृहस्पती प्रथम जन्मला तो तिष्य नक्षत्रापाशी, असं तैत्तिरीय ब्राह्मणात आहे. तिष्य म्हणजे पुष्यच. पुष्याचा योगतारा, म्हणजे नक्षत्राची खूण मानलेला मुख्य तारा, डेल्टा कँक्री. तो क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेला, अगदी खेटून आहे. साधारण बारा वर्षांनी फिरून येणारा गुरू त्याच्या फार जवळून जाऊ शकतो. ते वचन अशाच कुणा पाहणाऱ्याचं असावं, असं मला मनापासून वाटतं.

ग्रीकांनी इथे खेकडा पाहिला. हेराक्लीस अनेक तोंडांच्या सर्पाशी झुंजत असताना हेराने पाठवलेला खेकडा त्याच्या पायाला डसला आणि चिरडला गेला. हेराने त्याला आकाशात जागा दिली. तो सर्पही शेजारीच आहे. त्याच्या डोक्याचे तारे म्हणजे आपली आश्लेषा, आणि तिची देवताही सर्प!

खेकड्याच्या मधोमध एक पुसट ठिपका आहे, पाटीवर पेन्सिल पुसल्यावर राहतो तसा. ग्रीकांनी त्याला गव्हाण म्हटलं आणि दोन बाजूंच्या ताऱ्यांना गाढवं. त्यातलं एक गाढव म्हणजे आपला योगतारा. पुष्य म्हणजे पोषण करणारं, आणि तिकडे चाऱ्याची गव्हाण. हा योगायोगच असेल, पण मला तो फार आवडतो. गॅलिलिओने दुर्बीण लावली तेव्हा त्या ठिपक्यात चाळीसहून अधिक तारे निघाले. १६१० साली त्याने ते छापून प्रसिद्ध केलं. आता सुमारे १००० तारे माहीत आहेत, अंतर साधारण ६०० प्रकाशवर्षं.

कर्कवृत्ताचं नावही इथलंच. दोन हजार वर्षांपूर्वी दक्षिणायन सुरू होताना सूर्य कर्केत असे. परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलत असल्यामुळे, आता २१ जूनला तो वृषभ-मिथुनाच्या सीमेवर असतो. पंचांगातली कर्क संक्रांत मात्र जुलैच्या मध्याला येते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास वेल्ह्याकडे, गावाचे दिवे पाठीशी टाकून उभं राहावं. पुनर्वसूचे दोन ठळक तारे आणि मघा यांच्यामध्ये जी रिकामी वाटणारी जागा, तिथेच पुष्य.