ग्रीन बिल्डिंगमधली पाण्याची बचत नक्की कुणाच्या तुलनेत?

नवीन प्रोजेक्टच्या ब्रोशरवर "ग्रीन बिल्डिंग, ३५% पाणीबचत" असं छापलेलं असतं, पण ३५% कशापेक्षा कमी हे कोणी विचारत नाही. तुमच्या आत्ताच्या घरापेक्षा तर नाहीच. लीड (LEED) या अमेरिकेतल्या ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेशनमध्ये आधी कागदावर तुलनेसाठी एक बेसलाइन बिल्डिंग धरतात, तिच्यातले नळ-फ्लश अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्यातल्या मर्यादेचे, म्हणजे एका फ्लशला ६ लिटर आणि शॉवरला मिनिटाला ९.५ लिटर. तिच्यापेक्षा निदान २०% कमी दाखवलं तरच पुढे जाता येतं. आयजीबीसी आणि गृहा या आपल्याकडच्या रेटिंगमध्ये आकडे वेगळे, पण पद्धत साधारण हीच.

आता गंमत बघा. लीडच्या हिशोबात घरात राहणारा माणूस रोज ८ मिनिटं शॉवर घेतो, म्हणजे ७६ लिटर. मिनिटाला ६ लिटरवाला शॉवर बसवला की ४८, झाली बचत! आणि आपल्याकडे बादलीने आंघोळ करणारा १५-२० लिटरमध्ये उरकून ऑफिसला निघालेला असतो. त्याच्या बाथरूमच्या नळाला एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी) लावून काहीही वाचत नाही, बादली तेवढीच भरणार, फक्त वेळ जास्त लागणार आणि सकाळी दारावर थापा. एरेटरचा फायदा नळ वाहता ठेवून करायच्या कामांना, हात धुणं, दाढी, भांडी विसळणं वगैरे.

दुसरी भानगड प्रेशरची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत शॉवरचा आकडा ८० पीएसआय दाबाला मोजतात, म्हणजे साधारण साडेपाच बार (पीएसआय आणि बार ही दोन्ही दाबाची मापं). आपली टाकी गच्चीवर, आणि दर १० मीटर उंचीला मिळतो जेमतेम १ बार. टाकीच्या ४ मीटर खाली राहणाऱ्याला अर्धा बारही नाही, ३६ मीटर खाली राहणाऱ्याला साडेतीन. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दाब नऊपट असेल तर तोच नळ खाली तिप्पट पाणी सोडतो (पाइपमधलं घर्षण सोडून दिलं तर), वरचे करवादतात की धार नाही आणि खालचे उधळतात. उपाय आहे, खालच्या मजल्यांना प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, किंवा नळातच रबरी रिंगवाला रेग्युलेटर, ज्यात दाब वाढला की रिंग दबून वाट बारीक होते.

फ्लशचं पाणी कमी केलं तर साफ होतं का, ही शंका रास्तच आहे. पाणी वाचवणाऱ्या वस्तूंना मिळणाऱ्या अमेरिकेच्या वॉटरसेन्स लेबलला ४.८ लिटरमध्ये ३५० ग्रॅम घाण वाहून जावी लागते, आणि टेस्टला घाण म्हणून चक्क सोयाबीनची पेस्ट वापरतात!

गळती मात्र या हिशोबात कुठेच नाही. ड्युअल फ्लशचा वॉशर झिजला की पाणी आवाज न करता रात्रंदिवस झिरपतं आणि फ्लॅटला वेगळा मीटर नसेल तर पत्ताच लागत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका, फ्लश न करता १० मिनिटं थांबा, कमोडच्या भांड्यात रंग दिसला तर प्लंबरला बोलवा.