नारिंगी लघवी आणि एमएसची चाचणी

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस; यात शरीराच्याच संरक्षक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करतात) हा जंतूंचा आजार, अँटिबायोटिक घ्या नि चालू लागा. पुरावा म्हणून एका बाईंचा अनुभव जोडलाय.

अनुभव खराही असेल. पण एमएसचा झटका बरेचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. तेवढ्यात गोळी घेतली तर श्रेय गोळीला, अंगारा लावला तर अंगाऱ्याला! म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला काय, हे कोणालाच माहीत नको.

इथेच घोळ होतो. क्लॅमिडिया न्यूमोनिये या जंतूवर संशय, म्हणून रिफाम्पिसिन देऊन पाहिलं गेलं. ज्या घरात टीबीचं औषध आलंय तिथे ठाऊक असतं: लघवी नारिंगी होते. म्हणजे पहिल्याच दिवशी गुपित फुटलं! आणि एमएसमध्ये मोजायचं काय? चाल, तोल, हातापायांची ताकद. त्यात तपासणाऱ्याची नजर आलीच. कॅनडातल्या एका चाचणीत (निकाल १९९१, औषधं वेगळी) त्याच रुग्णांना दोन डॉक्टर तपासत. कोणाला काय मिळतंय हे माहीत असलेल्यांना एका गटात सुधारणा दिसली, माहीत नसलेल्यांना दिसलीच नाही.

तेव्हा औषध देणारा आणि तपासणारा वेगळा हवा, एमआरआय वाचणाऱ्याकडे फक्त क्रमांक हवा, आणि शेवटी सगळ्यांना विचारायचं, 'तुम्हाला काय मिळालं असेल?' उत्तरं फारच बरोबर आली तर निकालाकडे संशयाने पाहायचं.

बरं, औषध लागू पडलं तरी जंतू सिद्ध होत नाही. मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही विकरंही दाबतं. रक्तातल्या पेशींना मेंदूत शिरायला हीच वाट करून देतात. २०१७च्या कॅनडातल्या चाचणीत, पहिला झटका आलेल्या १४२ जणांमध्ये, सहा महिन्यांत एमएस ठरण्याचा धोका पोकळ गोळीवर ६१ टक्के, मिनोसायक्लिनवर ३३. दोन वर्षांनी मात्र फरक ठोस उरला नाही.

'ट्रायल' म्हटलं की इंदूरकर दचकतात, आणि उगाच नाही. चाचणीत येणाऱ्याच्या संमतीचं चित्रण करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं ते इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर. त्यात आपल्याकडे एक जास्तीची अट घालावी लागेल: रिफाम्पिसिन देण्याआधी टीबीची तपासणी. न ओळखलेल्या सक्रिय टीबीवर हे औषध एकटंच पडलं तर त्याला दाद न देणारे जंतू तयार होतात.