टेस्ट पास झाली, पण तपासलं काय?

टेस्ट म्हणजे मूळ प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड, आणि असर्ट म्हणजे 'हे खरं असलंच पाहिजे, नाहीतर टेस्ट फेल' असं सांगणारी सूचना. पायथन या भाषेतल्या एखाद्या टेस्टमध्ये अशी ओळ असते: असर्ट (एकूण == ५००, "बेरीज चुकली"). वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. एकूण ५०० आहे का बघा, नसेल तर हा संदेश दाखवा, इतकंच. पण त्या कंसामुळे पायथन दोन्ही गोष्टींची मिळून एक जोडी बनवतो. तिला टपल म्हणतात, आणि रिकामी नसलेली टपल पायथनच्या लेखी नेहमीच खरी असते. एकूण ५०० येवो की ५०, टेस्ट पास. पायथन स्वतः याबद्दल इशारा देतो, पण टेस्ट चालवताना छापल्या जाणाऱ्या लांबलचक नोंदींमध्ये (लॉगमध्ये) तो कुणाच्या नजरेस पडेलच असं नाही.

मूळ प्रोग्रॅममधली चूक कधी ना कधी बोंब मारते. कुठे चुकीचा आकडा येतो, कुठे स्क्रीन अडकते. टेस्टमधली चूक मात्र गप्प बसते, कारण चुकलेली टेस्ट अनेकदा पास होत राहते आणि पास झालेल्या टेस्टकडे कुणी वळून बघत नाही.

कोड न चालवता, नुसता वाचून दोष दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला लिंटर म्हणतात. १९७८ मध्ये बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' लिहिला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. आज जवळपास प्रत्येक भाषेला लिंटर आहे. तरीही कित्येक प्रकल्पांत टेस्टचं फोल्डर त्यातून सरसकट वगळलेलं असतं. हा कोड ग्राहकापर्यंत जात नाही, मग कशाला, असा त्यामागचा विचार. मला तो साफ उलटा वाटतो. मूळ कोडवर लक्ष ठेवायला निदान टेस्ट असतात; टेस्टवर लक्ष ठेवायला लिंटरशिवाय आहेच कोण?

कॉपी-पेस्टचंच बघा. नवी टेस्ट लिहिताना जुनी उचलायची, आतले आकडे बदलायचे, आणि नाव बदलायचं राहून जातं. पायथनमध्ये प्रत्येक टेस्ट सहसा एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, असते; एका फाइलीत एकाच नावाची दोन फंक्शन्स असली की दुसरं पहिल्याला पुसून टाकतं. पहिली टेस्ट फाइलीत दिसते, रिव्ह्यूमध्ये वाचली जाते, पण कधीच चालत नाही. फ्लेक८ किंवा रफ हे लिंटर अशी पुनरावृत्ती लगेच पकडतात. जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधताना फक्त एकच टेस्ट चालावी म्हणून तिला लावलेलं 'ओन्ली' तसंच राहिलं, तर त्या फाइलीतल्या बाकीच्या टेस्ट वगळल्या जातात. ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरला जोडता येणाऱ्या, जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनासाठीच्या प्लगइनमध्ये त्यासाठी नियम आहे, आणि एकही अपेक्षा न तपासणाऱ्या टेस्टसाठीसुद्धा.

मूळ कोडचे सगळे नियम मात्र टेस्टला जसेच्या तसे लावू नयेत. बँडिट हे सुरक्षा तपासणारं साधन प्रत्येक असर्टवर बोट ठेवतं, कारण पायथन ऑप्टिमाइझ मोडमध्ये चालवला की असर्ट गळून पडतात. मूळ कोडमध्ये हा इशारा मोलाचा आहे. टेस्टमध्ये तो ओळीओळीला येतो आणि त्या गलक्यात कामाचे इशारे बुडतात. टेस्टसाठी वेगळी नियमावली ठेवावी. जुन्या प्रकल्पात तर आधी फक्त 'टेस्ट चाललीच नाही' आणि 'टेस्टने काही तपासलंच नाही' या दोन जातींचे नियम चालू करावेत आणि ते मोडले की बिल्ड, म्हणजे कोड तपासून तयार करण्याची आपोआप चालणारी प्रक्रिया, थांबवावा. नावं, रिकाम्या जागा, ओळींची लांबी हे नंतर बघता येतं.

लिंटरला मर्यादा आहे: असर्ट आहे की नाही हे त्याला कळतं, पण तो योग्य गोष्ट तपासतो का, हे कळत नाही. तिथे म्युटेशन टेस्टिंग कामाला येतं. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मूळ कोडमध्ये मुद्दाम बारीक चुका पेरतात, जसं अधिकच्या जागी वजा, आणि मग टेस्ट चालवतात. एकही टेस्ट फेल झाली नाही, तर त्या ओळीवर खरा पहारा नाही, असा संशय घ्यायचा. जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्युटमट ही साधनं हे आपोआप करतात. प्रत्येक बदलासाठी टेस्ट पुन्हा चालवाव्या लागतात, त्यामुळे वेळ फार लागतो. म्हणून सगळ्या कोडवर न लावता आधी पैशांचे हिशेब आणि परवानग्या तपासणाऱ्या भागांवर ती चालवावी.