आपलेपणाची ओढ आणि आपलेपणाचा अनुभव: मोजताना होणारी गल्लत

नर्सिंग, वैद्यक किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात आणि रुग्णालयात आपलेपणा वाटतो का, हे तपासणाऱ्या प्रश्नावल्यांत दोन निराळ्या गोष्टी सहज एका बेरजेत जातात. ‘इतरांनी मला आपल्यात घ्यावे असे मला फार वाटते’ हे विधान ओढीचे आहे, तर ‘या वॉर्डातला स्टाफ मला आपल्यातलीच मानतो’ हे अनुभवाचे. पहिल्याला ठाम होकार आणि दुसऱ्याला तितकाच ठाम नकार देणारी विद्यार्थिनी खरे तर सर्वांत आधी लक्षात यायला हवी. पण दोन्हींचे गुण एकत्र केले की ती मधल्या आकड्यात दडून जाते.

माणसाला आपलेपणाची गरज मुळातच असते, हा विचार मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये सविस्तर मांडला. ही गरज कोणात किती तीव्र आहे, हे पाहण्यासाठी लिअरी आणि सहकाऱ्यांनी दहा विधानांची मोजपट्टी तयार केली. ती प्रामुख्याने स्वभावाकडे पाहते, त्यामुळे मेडिकल वॉर्डातून सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग बदलल्याने तिच्यावरचे गुण फारसे हलण्याची अपेक्षा नसते. एखाद्या महाविद्यालयाने मार्गदर्शक शिक्षकांची योजना आखली आणि तिचा परिणाम या मोजपट्टीने तपासला, तर ‘काहीच फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघेल, आणि त्यात दोष योजनेचा नसून साधनाच्या निवडीचा असेल.

बॉनी हॅगर्टी आणि कॅथलीन पटस्की या नर्सिंगमधील संशोधकांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केलेल्या साधनात हा भेद आधीच पाळलेला दिसतो. आपण इतरांत सामावतो का, आपली कुणी दखल घेते का, या अनुभवाची १८ विधाने एका भागात आहेत. जुळवून घेण्याची इच्छा आणि क्षमता यांची नऊ विधाने दुसऱ्या भागात. दोन्ही भागांचे गुण वेगळे काढायचे असतात. पहिला भाग त्यांना भरवशाचा आढळला, दुसऱ्याची वैधता, म्हणजे जे मोजायचे तेच तो मोजतो का हे, मात्र आणखी तपासायला हवी, असे त्यांनी नोंदवले.

आरोग्यशिक्षणासाठी मला अधिक उपयुक्त वाटते ती नर्सिंगमधील संशोधक ट्रेसी लेवेट-जोन्स आणि सहकाऱ्यांची, क्लिनिकल पोस्टिंगपुरतीच (रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणापुरतीच) बेतलेली ३४ विधानांची मोजपट्टी. ती विद्यार्थ्याला एकूण आयुष्याबद्दल न विचारता त्या ठिकाणच्या अनुभवाबद्दल विचारते. वॉर्डात हा अनुभव लहान गोष्टींतूनच ठरतो: ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती सांगितली जाते तेव्हा विद्यार्थिनीला जवळ बोलावले जाते की ती ट्रॉलीपाशी उभी राहते, तिला नावाने हाक मारतात की ‘ए स्टुडंट’ म्हणून, तिने टिपलेला वाढता ताप कुणी लिहून घेते का.

ओढ मोजूच नये, असा याचा अर्थ नाही. ओढ कमी असलेला विद्यार्थी वॉर्डात अलिप्त राहूनही समाधानी असू शकतो, म्हणून अनुभवाचे कमी गुण कोणाला किती बोचत असतील हे समजण्यासाठी ती शेजारच्या रकान्यात ठेवावी. अनुभवाच्या प्रश्नांना मात्र एक पथ्य जास्तीचे आहे. ज्या इन्चार्ज सिस्टर पोस्टिंगच्या शेवटी मूल्यमापनाच्या कागदावर सही करणार, त्यांच्याच टेबलावर भरलेली प्रश्नावली जमा करायला लावली, तर ‘इथे मला सामावून घेतात’ यापुढे बहुतेक जण ‘पूर्ण सहमत’वरच खूण करतील.