गेलेला मेल परत येत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव चुकीच्या पार्टीला मेल झाला की हमखास सल्ला मिळतो: "जीमेलमधून अनडू मार, मेल परत येतो." येत नाही. 'सेंड' दाबल्यावर जीमेल मेल काही सेकंद स्वतःकडेच धरून ठेवतं. 'अनडू' फक्त तो धरलेला मेल जाण्याआधी थांबवतं. मुळात ही मुदत 5 सेकंदांची, म्हणजे चूक लक्षात येईपर्यंत संपलेली.

ती 30 पर्यंत वाढवता येते. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये वर उजवीकडचं चाक, मग 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल', तिथं 'अनडू सेंड' 30 करा. आणि पान तळापर्यंत खाली नेऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं, कारण ते बटण वर दिसतच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' चालतं, कारण दोन्ही टोकांना त्यांचंच अ‍ॅप असतं. मेल अनेकदा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतो. मेल वाहून नेणारा एसएमटीपी नियम 1982 सालचा. त्यात परत बोलवायची सोयच नाही. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमधलं मेल परत बोलवायचं 'रिकॉल'ही एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरतं.

लोकांना हवी ती सोय थोडीफार गूगल ड्राइव्हमध्ये मिळते. भावपत्रक जोडण्याऐवजी त्याची लिंक ठरावीक पत्त्यालाच उघडेल अशी द्या. चुकलं तर ती परवानगी काढून घ्या. तोवर समोरच्यानं डाउनलोड केलं असेल, तर मात्र फोन करून विनंती करणं एवढंच हातात उरतं.